फाइलीने अंदाज बांधू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सोसायट्या, दूध संस्था, वाचनालये, देवस्थान कमिट्या आपापली दप्तरे संगणकावर चढवू लागल्या आहेत. काम चांगलेच आहे. पण ही माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना वाटेत जी मोडतोड होते तिची चर्चा होत नाही, कारण ती कुठलाही आवाज न करता होते. त्याबद्दल, आणि त्यावर करता येण्याजोग्या एका साध्या उपायाबद्दल हे पत्र.

जमिनीचे क्षेत्र घ्या. पहाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्यात, ते एकर, गुंठे, आणे असे असते. आणे बहुधा शून्य, म्हणून टाइप करणारा ते गाळतो आणि इंग्रजी आकड्यांत नुसते २.१० लिहितो. माणूस ते दोन एकर दहा गुंठे असे वाचतो. एक्सेल हे तक्त्यांचे सॉफ्टवेअर त्याला दशांश अपूर्णांक समजते, शेवटचे शून्य बिनकामाचे ठरवते आणि उरते २.१. आता पुढे जो वाचेल त्याच्या मनावर आहे. गुंठ्यांची सवय असलेला म्हणेल दोन एकर एक गुंठा. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेला म्हणेल २.१ एकर, म्हणजे दोन एकर चार गुंठे. मूळचे दहा गुंठे दोघांच्याही हाती लागत नाहीत. गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट धरले तर पहिल्या वाचनात नऊ गुंठे, म्हणजे ९,८०१ चौरस फूट जमीन एका शून्यापायी गेली. आणि आपल्याकडे वीतभर बांधासाठी लोक वीस वर्षे कोर्टाची पायरी चढतात.

सर्व्हे नंबरची कथा याहून वाईट. सर्व्हे १२, हिस्सा ३ हे १२/३ असे लिहून ती फाइल एक्सेलमध्ये उघडली की त्याची १२ मार्च ही तारीख होते, आणि आत साठतो तो एक्सेलचा दिवस मोजण्याचा क्रमांक. २०२५ साली उघडली असेल तर ४५७२८. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीची असेल तर तेच १२/३ म्हणजे ३ डिसेंबर, ४५९९४. त्या आकड्यावरून मूळ हिस्सा शोधायचा तर फाइल कोणत्या साली आणि कोणत्या सेटिंगवर उघडली होती हे ठाऊक हवे. खाते क्रमांक ००४७ चा ४७ होतो. सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच आकडे धरून ठेवते. हे फक्त आपल्या तालुक्याचे दुखणे आहे असे मात्र नाही. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावेच बदलली, कारण त्यांच्या लघुरूपांच्या एक्सेल तारखा करत होते. सॉफ्टवेअर बदलत नव्हते म्हणून शास्त्रज्ञांनी जनुकांचे बारसे पुन्हा केले!

या सगळ्यामागे चूक एकच आहे. फाइलीची मांडणी, संगणकवाले जिला सिंटॅक्स म्हणतात, ती आपल्या कामाबाहेर जाते. मांडणीने एवढेच सांगावे की हे रकान्याचे नाव, ही त्यातली मजकुराची पट्टी, आणि ही पट्टी अमक्या गटात आहे. ती पट्टी आकडा आहे, तारीख आहे की होय-नाही आहे, हे ठरवणे तिचे काम नव्हे. वायएएमएल या मांडणीची १.१ ही आवृत्ती पाहा. तिच्यात नुसता इंग्रजी 'नो' लिहिला की त्याचा 'असत्य' होतो. नॉर्वेचे दोन अक्षरी लघुरूप नेमके तेच असल्याने देशांच्या यादीतून नॉर्वे गायब होई. त्याच आवृत्तीत १२:३० ही वेळ साठाच्या पाढ्याने मोजली जाते आणि तिचे ७५० होतात. गंमत अशी की ०६:३० मात्र शून्याने सुरू होत असल्याने मजकूर म्हणून शाबूत राहते. बसचे वेळापत्रक अशा फाइलीत घातले तर सकाळी दहाच्या आतल्या गाड्या धड आणि त्यापुढच्या गाड्या बाद. २००९ च्या १.२ आवृत्तीत ही खोड काढली, पण जुन्या नियमाने वाचणारी सॉफ्टवेअरे अजून चालू आहेत.

मग जेसन ही वेबवर चालणारी मांडणी का नको, असे कोणी विचारील. जेसन खरोखर आटोपशीर आहे. दोन प्रकारचे कंस, अपूर्णविराम (:), स्वल्पविराम आणि अवतरण एवढ्यावर त्याचा संसार चालतो, आणि वेबवर देवाणघेवाण करायची तर तेच वापरावे. आमची तक्रार दोन गोष्टींची. एक, अवतरणाबाहेर लिहिलेला २.१० तिथेही आकडाच होतो आणि शून्य जाते. दुसरी, ते हाताने मराठीत लिहायला निघालात तर कळेल.

इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर अवतरणाच्या कळीवर ट आणि ठ बसले आहेत, अपूर्णविरामाच्या कळीवर च आणि छ, चौकोनी व महिरपी कंसांच्या जागी ड, ढ, नुक्ता आणि ञ, उलट्या तिरक्या रेघेच्या जागी ॉ आणि ऑ. म्हणजे जेसनमधला एक साधा रकाना, गाव आणि त्याचे नाव, लिहायला तीन वेळा इंग्रजीत जायचे आणि तीन वेळा परत यायचे. दिवसाला दोनशे नोंदी करणाऱ्या कारकुनाचे काय होते ते त्याला विचारा. तो शॉर्टकट शोधतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून आडवी रेघ दाबली की विसर्ग उमटतो आणि तो दिसायला अगदी अपूर्णविरामासारखाच. 'नाव' या शब्दापुढे दोन टिंबे कागदावर बरोबर दिसतात, संगणकाला मात्र तिथे अपूर्णविराम नव्हे, 'नावः' असा एक वेगळाच शब्द दिसतो. मोठमोठ्या कचेऱ्यांच्या छापील अर्जांतही हा विसर्ग सर्रास आहे. फोनेटिक, म्हणजे इंग्रजी कळांनी उच्चाराप्रमाणे टाइप करण्याची पद्धत, वापरणाऱ्यांना हा त्रास कमी, पण इन्स्क्रिप्टवाल्यांना तो रोजचाच आहे. इन्स्क्रिप्टवर भाषा न बदलता मिळणारी कामाची चिन्हे मोजकीच आहेत: गोल कंस, स्वल्पविराम, पूर्णविराम, आडवी रेघ, स्पेस आणि एंटर. मराठी माणसासाठी मांडणी आखायची तर ती एवढ्यातच बसली पाहिजे.

यातले स्वल्पविराम आणि पूर्णविराम पहिल्याच फेरीत बाद होतात, कारण ते मजकुरातच असतात. 'मु. पो. उचगाव, ता. बेळगाव' या एका पत्त्यात तीन पूर्णविराम आणि एक स्वल्पविराम आहे. सीएसव्हीचे, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या फाइलीचे, नियम २००५ साली आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहून काढले गेले. त्यानुसार असा पत्ता अवतरणात घालायचा आणि आतले अवतरण दुप्पट करायचे. नियम ठीक आहे, पण तो अर्धे लोक पाळत नाहीत आणि एक अवतरण निसटले की पुढचे सगळे रकाने एकेक घर सरकतात. टॅबने रकाने वेगळे करावेत असेही सुचवले जाते. टॅब दिसत नाही, चिकटवताना त्याच्या चार स्पेस होतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. न दिसणाऱ्या खुणेवर दप्तर टांगू नये असे आमचे मत आहे.

आणखी एक जुना मार्ग आहे: खुणा नकोतच, मजकुराआधी त्याची लांबी लिहावी. संगणकशास्त्रज्ञ डी. जे. बर्नस्टाइन यांनी १९९७ साली मांडलेली नेटस्ट्रिंग अशीच आहे. आधी बाइटची, म्हणजे संगणकातल्या साठवणीच्या एककांची, संख्या, मग मजकूर. यात मजकुरात काहीही असले तरी बिघडत नाही, आणि यंत्राने यंत्राला पाठवायचे तर याहून भक्कम काही नाही. पण हाताने? 'बेळगाव' हा शब्द मोजा. डोळ्यांना चार अक्षरे, युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हसंचात मात्रा आणि काना धरून सहा चिन्हे, आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे म्हणून अठरा बाइट. तिघांनी मोजले तर तीन उत्तरे, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

राहिले गोल कंस, स्पेस आणि एंटर. संगणकशास्त्रज्ञ जॉन मकार्थी यांनी १९६० साली लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हाच नुसत्या गोल कंसांत वाटेल तेवढी खोल रचना बसवता येते हे दिसले होते. आम्ही सुचवतो ती मांडणी त्याच वाटेने जाते, फक्त ती ओळीगणिक चालते. नमुना असा:

मांडणी १
जमीन (
    टीप जुन्या वहीतून उतरवले
    गाव (
        मराठी कंग्राळी (बुद्रुक)
        तालुका बेळगाव
    )
    सर्व्हे १२
    हिस्सा ३
    पीक भात
    पीक बटाटा
    क्षेत्र (
        एकर २
        गुंठे १०
        आणे ०
    )
)

पहिली ओळ मांडणीची आवृत्ती सांगते. ओळीतला पहिला शब्द म्हणजे रकान्याचे नाव. त्यानंतरची एक स्पेस सोडली की ओळीच्या शेवटापर्यंत सगळा मजकूर, त्यात स्वल्पविराम असो, अवतरण असो, काहीही असो. मजकुराच्या जागी एकटाच उघडा कंस असेल तर गट सुरू. ओळीवर एकटाच बंद कंस असेल तर गट बंद. ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस फक्त डोळ्यांसाठी, वाचताना त्या सोडून द्यायच्या. 'कंग्राळी (बुद्रुक)' मधले कंस एकटे नाहीत, म्हणून ते मजकूरच राहतात. आता एखाद्याचा मजकूरच नुसता उघडा कंस असेल तर? ज्या मजकुरात उघड्या कंसांखेरीज काहीच नाही, त्याला लिहिताना एक कंस जादा जोडायचा आणि वाचताना एक काढायचा. एकाचे दोन, दोनाचे तीन. सगळ्या मांडणीत अशा पेचातून सुटकेचा नियम हा एवढा एकच.

पत्त्यासारखा अनेक ओळींचा मजकूर? 'पत्ता' हा गट करून आत 'ओळ' हा रकाना हवा तितक्या वेळा. यादी? नाव पुन्हा लिहायचे, वर 'पीक' दोनदा आले आहे तसे. इथे प्रोग्राम लिहिणारे हमखास चुकतात: एक पीक असेल तर सुटा मजकूर देतात आणि दोन असतील तर यादी. मग एकच पीक असलेल्या शेतकऱ्यापाशी पुढचा प्रोग्राम कोसळतो. वाचणाऱ्याने नेहमी यादीच द्यावी, एकाची असली तरी. शेरे लिहायला वेगळी खूण ठेवलेली नाही, 'टीप' हा रकानाच पुरे. जेसनचे कर्ते डग्लस क्रॉकफर्ड यांनी शेऱ्यांची सोय काढून टाकली ती लोक शेऱ्यांत यंत्रासाठी हुकूम दडवू लागले म्हणून. रकाना असला की तो उघड राहतो. माहिती ठाऊक नसेल तर ती ओळच लिहायची नाही. ठाऊक आहे पण रिकामी आहे, तर नुसते नाव लिहायचे. या दोन गोष्टी वेगळ्या सांगण्याची सोय सीएसव्हीच्या नियमांत नाही.

खरा कस रकान्याच्या नावाचा आहे, आणि इथे मात्र कडक राहावे. नावात फक्त अक्षरे, मात्रा, आकडे आणि आडवी रेघ चालेल. नावाच्या शेवटी विसर्ग आला की चूक, म्हणजे वरचा 'नावः' लगेच पकडला जातो. वर्डमधून किंवा वेबपानावरून उचललेल्या मजकुरात एक न तुटणारी स्पेस येते, ती साध्या स्पेससारखीच दिसते पण यंत्राला ती स्पेस वाटत नाही. नियम ढिला ठेवला तर 'गाव बेळगुंदी' हे अख्खे रकान्याचे नाव ठरते आणि मजकूर रिकामा. नावात ते चिन्ह आले की ओळ क्रमांकासह चूक दाखवायची. जोडाक्षरासाठी घातलेले अदृश्य जोडचिन्हही नावात बंद. 'शेतकऱ्यांची' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा नाही, आणि युनिकोडचे नेहमीचे एकसारखेकरण हा भेद मिटवत नाही. मजकुरात ते जसे असेल तसे राहू द्यावे, तिथे हात लावणे हे पुन्हा अंदाज बांधणेच झाले.

ओळीच्या शेवटच्या स्पेस वाचताना काढून टाकाव्यात, त्यातच विंडोजचे ओळीअखेरचे जादा चिन्हही जाते. उलट, शेवटी स्पेस असलेला किंवा आत एंटर असलेला मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रामने स्वीकारूच नये. फाइल नेहमी यूटीएफ-८ मध्ये ठेवावी. काही सॉफ्टवेअरे फाइलीच्या सुरुवातीला तीन बाइटची एक न दिसणारी खूण चिकटवतात आणि मग पहिल्या ओळीचे नावच जुळत नाही. ती वाचताना गिळावी आणि लिहिताना कधी घालू नये. कंसांची खोली ३२ वर थांबवावी. माणसाच्या नोंदी एवढ्या खोल जात नाहीत, आणि जी फाइल जाते ती बिघडलेली किंवा खोडसाळ असते.

छापखान्यातल्या जुन्या फाइलींना मात्र हे काहीच लागू नाही. युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली असत. तिथे जो कंस म्हणून साठला आहे तो एखादी वेलांटी असू शकतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मगच मांडणी.

वाचणारा प्रोग्राम लिहिणे हे कॉलेजच्या मुलाचे एका दुपारचे काम आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तीस-चाळीस ओळी होतात. एक ओळ घ्या, दोन्ही टोकांच्या स्पेस काढा, रिकामी असेल तर पुढे चला. एकटा बंद कंस असेल तर वरचा गट मिटवा; मिटवायला गट नसेल तर चूक. नाही तर पहिल्या स्पेसपाशी तोडा, नाव तपासा, मजकूर पाहा. फाइल संपली आणि गट उघडाच राहिला तर तो कोणत्या ओळीवर उघडला होता ते सांगा. कुठल्याही चुकीवर थांबायचे, सावरून घेऊन पुढे जायचे नाही. मग मुद्दाम वाकडे नमुने चालवा: रिकामा मजकूर, एकटा कंस, दोन कंस, २.१०, ००४७, सुरुवातीला स्पेस असलेला मजकूर, शेवटचा कंस गाळलेली फाइल. वाचून पुन्हा लिहिलेली फाइल आणि ती पुन्हा वाचून लिहिलेली फाइल, या दोन बाइटन् बाइट सारख्या निघाल्या पाहिजेत.

सगळेच मजकूर, तर बेरीज कशी करायची? त्यासाठी शेजारी नियमांची एक फाइल ठेवायची, हीच मांडणी वापरून: गुंठे पूर्णांक, किमान ०, कमाल ३९, आणे किमान ०, कमाल १५, तारीख आधी साल, मग महिना, मग दिवस. ही तपासणी मांडणीनंतर होते, आणि ती फसली तरी मूळ मजकूर जागेवर असतो. मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन प्रकारचे आकडे ज्या जिल्ह्यात एकाच टेबलावर येतात, तिथे कोणते आकडे चालतील हेही याच फाइलीने सांगावे. गावांच्या नावांनाही तेच. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, आपल्या वहीत बेळगाव आहे, कन्नड पहाणीत कन्नड लिपी आहे. 'गाव' या गटात मराठी, कन्नड, सरकारी असे वेगळे रकाने ठेवले की कुठलेच नाव खोडावे लागत नाही. सपाट तक्त्यात हे कोंबायला गेलात की चाळीस रकाने होतात.

उणिवाही सांगायला हव्यात. 'सर्व्हे-क्रमांक १२' मधली आडवी रेघ विसरली तर 'सर्व्हे' हे नाव आणि 'क्रमांक १२' हा मजकूर होतो. मांडणीला ते कळणार नाही, नियमांच्या फाइलीनेच पकडावे लागेल. आणि दूध संस्थेच्या रोजच्या दोन वेळच्या लिटर-फॅटच्या लाखभर ओळींसाठी ही मांडणी नको, तिथे प्रत्येक ओळ एकाच साच्याची असते आणि सीएसव्हीच बरी. बँक किंवा सरकारी पोर्टल जो नमुना मागेल तो द्यावाच लागेल. आपले मूळ दप्तर मात्र आपल्या मांडणीत ठेवावे आणि त्यातून हवे ते काढून द्यावे.

पेन ड्राइव्ह मध्येच ओढला आणि फाइल अर्धी उतरली तर सीएसव्ही काहीच बोलत नाही. ओळीच्या शेवटी तुटली असेल तर ती पूर्णच वाटते. म्हणून अख्खे दप्तर बाहेरच्या एकाच गटात ठेवावे, नमुन्यात 'जमीन' आहे तसे. तेव्हा एक विनंती: हे पत्र छापताना नमुन्याच्या शेवटी ओळीवर एकटा राहिलेला कंस मुद्रितशोधकांनी काढून टाकू नये. तो चुकून राहिलेला नाही. तो नसेल तर वरच्या नियमांप्रमाणे नमुना अर्धवट ठरतो.

आपले,
नोंदींच्या संगणकीकरणाचे काम करणारे काही वाचक,
बेळगाव